अक्कल आहे, पण काम?

भाताची कापणी उरकून खाचरं मोकळी झाली, की घाटावरचे धनगर कोकणात उतरू लागतात. फलटण, माण, खटाव, पुरंदर अशा कमी पावसाच्या मुलखातली ही बिऱ्हाडं. काही वरंध घाटानं थेट महाडकडे येतात, काही पुढे सरकतात, आणि पावसाळ्याआधी सगळी परत घाट चढतात. घोड्यांच्या पाठीवर संसार, पुढे-मागे दख्खनी मेंढ्यांचे कळप. शेतकऱ्यालाही ही बिऱ्हाडं हवी असतात. रात्री मेंढ्या खाचरात बसवल्या की लेंडीखत जागच्या जागी पडतं, आणि त्याच्या बदल्यात धनगराला भात किंवा पैसे मिळतात. या लवाजम्यात कुत्राही असतो, पण तो अंगावर धावून येईपर्यंत आपलं त्याच्याकडे लक्ष जात नाही.

दिवसा पाहिलं तर तो निव्वळ आळशी वाटेल. कळपाच्या कडेनं रमतगमत चालतो, सावली दिसली की पसरतो. मेंढरं वळवण्याचं काम मेंढका करतो, काठीनं, शिट्टीनं, तोंडानं काढलेल्या आवाजांनी. कुत्रा त्यात पडत नाही. त्याची पाळी अंधार पडल्यावर सुरू होते. जाळीच्या कुंपणात मेंढ्या कोंडल्या, माणसं झोपली, की हा जागा होतो. घाटावर त्याची गाठ लांडग्याशी असते, कोकणात बिबट्याशी.

हुशार कुत्रा पाळायचा, मेंढपाळाच्या जातीचा पाळायचा, असं मनात असलेल्यांनी आधी इथे थांबावं. मेंढपाळांचे कुत्रे दोन अगदी वेगळ्या प्रकारचे आहेत. एक राखणारा, दुसरा वळणारा. दोघांचं डोकं वेगळं चालतं, आणि एकाची अपेक्षा दुसऱ्याकडून केली की घरात रडारड ठरलेली.

राखणाऱ्याचं गुपित त्याच्या बालपणात आहे. चार्ल्स डार्विन बीगल जहाजाच्या सफरीत १८३३ साली आजच्या उरुग्वेत होता. तिथे माणूस दूरदूर नसताना एक-दोन कुत्रे मोठा कळप सांभाळताना त्यानं पाहिले आणि हे जमतं कसं याची चौकशी केली. उत्तर सोपं निघालं. पिल्लू अगदी लहान असताना आईपासून तोडायचं, दिवसातून तीन-चार वेळा मेंढीला पाजायचं, मेंढवाड्यातच लोकरीचं अंथरूण करून ठेवायचं, इतर कुत्र्यांत किंवा घरच्या मुलांत मिसळू द्यायचं नाही. मोठं झालं की ते मेंढ्यांनाच आपलं कुटुंब मानतं. पुढे १९६५ साली जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या वर्षानुवर्षांच्या प्रयोगांतून याचं शास्त्र मांडलं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाची दारं उघडी असतात. त्या काळात जे जे भेटतं, ते ‘आपलं’ म्हणून आयुष्यभर टिकतं. धनगराच्या वाड्यावर जन्मलेलं पिल्लू डोळे उघडतं तेच मेंढ्यांच्या पायांत. त्याला वेगळं प्रशिक्षण कोण देणार, आणि कशाला?

अशा कुत्र्याची बुद्धी स्वतंत्र असते. मालक झोपलेला असताना निर्णय त्यालाच घ्यायचा असतो, त्यामुळे हुकमाची वाट पाहणारा राखण्या कामाचा नाही. तुम्ही दहा वेळा ‘ये’ म्हणाल, तो एकदा मान वळवून बघेल. त्याला मठ्ठ म्हणणारे लोक मला भेटतात. मला उलट वाटतं, की आपण हाक मारतो त्यातल्या निम्म्या हाका बिनकामाच्या असतात हे त्याला कळलेलं असतं.

महाड आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरांच्या पदरांवर, धनगरवाडे आहेत. तिथले धनगर मेंढ्यांमागे हिंडणारे नव्हेत. ते गवळी धनगर, म्हशी आणि गाई राखणारे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८० च्या आसपास या समाजाचा आणि सह्याद्रीच्या रानाचा संबंध बारकाईनं अभ्यासला होता. जंगलाला लागून घर आणि गोठ्यात वासरं, म्हणजे दारात कुत्रा आलाच. या कुत्र्यांना वंशावळीचा कागद नाही. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं आजवर भारतीय कुत्र्यांच्या मोजक्याच जातींना मान्यता दिली आहे. त्यांत तमिळनाडूचे राजपालयम आणि चिप्पीपराई, कर्नाटकाचा मुधोळ, आणि २०२५ मध्ये हिमाचलचा गद्दी. गद्दी हा हिमालयातल्या मेंढपाळांचा राखण्या कुत्रा. बिबट्यानं नरडं धरू नये म्हणून त्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात. आपल्या धनगरी कुत्र्याचं नाव त्या यादीत यायला हवं असं मला वाटतं. धनगरांच्या लेखी मात्र त्याचा मान यादीवर अवलंबून नाही. खंडोबाच्या मूर्तीजवळ कुत्रा असतो, जेजुरीचे वाघ्ये देवाचे कुत्रे म्हणून कोटंब्यातलं खातात, आणि चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्याचा घास कुत्र्यालाही पडतो.

(महाड तालुक्यात कुत्र्यावर लिहायचं आणि रायगडावरच्या वाघ्याचं नाव घ्यायचं नाही, हे जमणारं नाही. वाघ्याचा पुतळा विसाव्या शतकात उभा राहिला, शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याच्या कथेला समकालीन पुरावा नाही, आणि २०१२ मध्ये पुतळा हलवला जाऊन परत बसवला गेला. वाद अजून आहे. या प्रकरणाचा विषय जिवंत कुत्रा आहे, म्हणून एवढ्यावर सोडतो.)

आता वळणारा. त्याचा आजचा सर्वांत नावाजलेला नमुना म्हणजे बॉर्डर कोली. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ भागातला. आजच्या जवळजवळ सगळ्या बॉर्डर कोलींचा मूळपुरुष मानला जातो तो ‘ओल्ड हेम्प’, १८९३ साली नॉर्थंबरलंडमध्ये ॲडम टेल्फर या माणसाकडे जन्मलेला. हेम्पची ख्याती अशी की तो भुंकत नसे, चावत नसे, नुसत्या नजरेनं मेंढ्या हलवत असे. ही नजर म्हणजे लांडग्याच्या शिकारीचाच तुकडा आहे. लांडगा आधी नजर रोखतो, मग दबा धरतो, पाठलाग करतो, पकडतो, मारतो. बॉर्डर कोलीत पहिल्या तीन पायऱ्या पिढ्यान्‌पिढ्या निवडून धारदार केल्या आणि शेवटच्या दोन बोथट केल्या. राखण्या कुत्र्यात नेमकी उलटी निवड झाली. कोकरामागे धावणारं पिल्लू मेंढपाळ ठेवतच नाही, त्यामुळे त्याच्यात पाठलागाची ओढ जवळजवळ उरलीच नाही. बॉर्डर कोलीला मेंढी ही हलवायची वस्तू, धनगरी कुत्र्याला ती बहीण.

स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाच्या १९९४ च्या पुस्तकानं बॉर्डर कोलीला ‘जगातला सर्वांत हुशार कुत्रा’ हे बिरुद चिकटवलं. नवी आज्ञा पाचांहून कमी वेळा सांगून कळते, आणि पहिल्याच हाकेला शंभरातून पंचाण्णव वेळा पाळली जाते, असा या वरच्या गटाचा हिशेब. पूडल दुसरा, जर्मन शेफर्ड तिसरा, अफगाण हाउंड शेवटचा. पण ही यादी कुठून आली? कोरेननं आज्ञाधारकपणाच्या स्पर्धांचे दोनशेच्या आसपास परीक्षक गाठले आणि त्यांची मतं एकत्र केली. म्हणजे मोजलं गेलं ते ऐकणं. ससा दिसताच मालकाला विसरून सुटणारा आपला मराठवाड्यातला कारवानी या परीक्षेत तळाला जाईल, आणि बिबट्याचा वास येऊन उठलेला धनगरी कुत्रा नापास होईल. परीक्षाच त्यांच्या कामाची नाही.

तरी बॉर्डर कोलीचं डोकं अचाट आहे, यात शंका नको. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनात जॉन पिली या निवृत्त प्राध्यापकानं चेसर नावाच्या कुत्रीला १,०२२ खेळण्यांची नावं शिकवली, प्रत्येकाचं वेगळं. नाव सांगितलं की ढिगातून तेच खेळणं ती आणायची. लोक ही बातमी वाचतात आणि पिल्लू शोधू लागतात. त्यांनी पुढचंही वाचावं. हे शिकवायला तीन वर्षं लागली, आणि पिली रोज चार-पाच तास देत असत. ते मानसशास्त्राचे प्राध्यापक होते आणि निवृत्त होते. आपल्यापैकी कुणाकडे रोज चार तास आहेत?

म्हणून महाड तालुक्यातल्या वीर गावाच्या अंगणाकडे येऊ. कोकण रेल्वे १९९३ मध्ये पहिल्यांदा रोह्याहून वीरपर्यंत आली, मुंबई-गोवा महामार्ग शेजारूनच जातो. मुंबई-पुण्याकडच्या माणसांची सुट्टीची घरं या पट्ट्यात आहेत, गावातल्या तरुणांच्या हातात मोबाइल आहे, आणि त्यावर उड्या मारणारे, चकती झेलणारे कोली आहेत. अशा घरात पिल्लू येतं. चार महिने सगळे खूश. सहाव्या-सातव्या महिन्यात रक्त जागं होतं. पोरं अंगणात धावली की हा वर्तुळ घेऊन त्यांना एका कोपऱ्यात जमवतो, न ऐकणाऱ्याच्या टाचेला दात लावतो. शेजाऱ्याच्या शेळ्या रस्त्यानं निघाल्या की त्यांना उलट्या घरी पाठवतो. रस्त्यावर दुचाकी, रुळांवर गाडी, जे जे हलतं ते थांबवायला जातो. गाडी मेंढी नसते, हे त्याला एकदाच कळतं. म्हणून या गावात पहिला नियम असा ठेवा. रेल्वे आणि महामार्ग यांच्या बाजूला कुत्रा कधीही मोकळा न्यायचा नाही, कितीही शिकलेला असो.

मारून ही ओढ जात नाही. साखळीनं तर वाढते. बांधलेला कोली दिवसभर समोरून जाणारी गाडी न् गाडी डोळ्यांनी हाकत बसतो आणि संध्याकाळपर्यंत वेडापिसा होतो. उपाय एकच, त्या ओढीला कुठंतरी कामाला लावायचं आणि त्या कामाला चालू-बंद करायचं बटण तुमच्या हाती ठेवायचं.

त्याची सुरुवात शब्दांनी होते. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. आजी ‘इकडं ये’, पोरगा ‘कम’, बाबा शिट्टी, असं चाललं तर कुत्रा शिकतो ते एवढंच की इथे कुणाचं ऐकायची गरज नाही. ‘बस’ हा शब्द आपण खाली बसण्यासाठी वापरतो आणि ‘पुरे’ म्हणूनही, तेव्हा दुसऱ्या अर्थी ‘पुरे’च म्हणायची सवय घरानं लावून घ्यावी. ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’, ‘पुरे’ हे चार शब्द पक्के झाले की निम्मं काम झालं. शब्द, कृती, आणि लगेच बक्षीस. लगेच म्हणजे एक-दोन सेकंदांत. खिशातला उकडलेल्या चिकनचा तुकडा काढेपर्यंत कुत्रा दुसरंच काही करत असेल, तर बक्षीस त्या दुसऱ्या गोष्टीला मिळालं. हुशार कुत्र्याशी ढिलाई महाग पडते ती इथे. तो चुकीची गोष्टही दोन-तीन खेपांतच शिकतो. तुम्ही ‘ये’ म्हणून बोलावून एकदा रागावलात, की पुढच्या वेळी तो हिशेब करेल.

‘थांब’ शिकवताना आठ-दहा मीटरची दोरी पट्ट्याला लावून मोकळ्या खाचरात न्या. दोरी ओढायची नाही, जमिनीवर सोडायची, फक्त तो सुसाट निघाला तर पाय ठेवायचा. शेळ्या दूर, दिसतील इतक्याच अंतरावर. त्यांच्याकडे बघूनही तुमच्या शब्दाला थांबला, की बक्षीस. मग अंतर कमी करत जा. घाई झाली की शेजाऱ्याचं करडू जखमी होतं आणि पुढची दहा वर्षं बोलणं बंद.

मेंढ्या नसलेल्या घरात काम कोणतं द्यायचं? संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात घालणं हे कोकणातलं हमखास काम आहे आणि बॉर्डर कोलीला ते मनापासून आवडतं. आधी कोंबड्या जाळीआड, कुत्रा दोरीवर, मेंढपाळ शिकवतात तसं डावीकडून फिरायला एक शब्द, उजवीकडून फिरायला एक, जमिनीला पोट टेकायला एक. कोंबडी धावत सुटली तर खेळ तिथंच थांबवायचा, कारण हळू सरकणाऱ्या कळपातच त्याची खरी मजा आहे हे त्यालाही शिकावं लागतं. ज्यांच्याकडे कोंबड्याही नाहीत त्यांनी नाकाचं काम द्यावं. भाकरीचे तुकडे अंगणात लपवा, घरातल्या माणसाला गोठ्यामागे लपवा, चपलांची नावं शिकवा. वासावर काम केलेला कुत्रा थोड्या वेळात जितका दमतो, तितका तासभर पळूनही दमत नाही.

पळवण्याबद्दल एक सावधगिरी. ‘याला दमवलं की शांत होईल’ म्हणून रोज तासन्‌तास चेंडू फेकणारे लोक शेवटी एक कसलेला खेळाडू तयार करतात, ज्याला दुसऱ्या दिवशी आणखी चेंडू लागतो. या जातीला सवयीचं वेड लवकर लागतं. पावसाळ्यात घरात अडकलेली मुलं भिंतीवर टॉर्चचा उजेड नाचवतात, कुत्रा त्यामागे धावतो, सगळे हसतात. काही आठवड्यांत तो दिवसभर भिंतीकडे आणि सावल्यांकडे टक लावून बसू लागतो. ते सोडवणं फार अवघड असतं. हा खेळ मुलांना अजिबात खेळू देऊ नका.

त्याऐवजी काही न करणं शिकवा. ते सर्वांत अवघड कौशल्य आहे. पडवीत एक घोंगडी टाका. त्यावर आडवा झाला, शांत राहिला, की मधूनमधून काही न बोलता तुकडा टाकायचा. घोंगडी अंथरली म्हणजे कामाची सुट्टी, एवढं कळायला महिना-दीड महिना लागतो. सुट्टी कळलेला कोली घरात राहण्याजोगा असतो.

हवामानाचं काय? थंड डोंगराळ मुलखासाठी घडलेलं दुहेरी केसांचं अंग, आणि महाडचा मे महिना. व्यायाम सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सूर्य कलल्यावर. उन्हाळ्यात केस मुंडून टाकू नका, तेच केस उन्हाचा चटका अडवतात. आतला गळणारा थर विंचरून काढला की पुरे. मग येतो पाऊस, तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा. ओली कातडी, कानांत बुरशी, आणि गोचीड. गोचिडीतून येणारा ताप इथे कुत्र्यांचा मोठा शत्रू आहे. हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी गडद झाली, खाणं सुटलं, तर घरगुती काढ्यांत दिवस घालवू नका. रेबीजची लस दरवर्षी, लेप्टोस्पायरोसिसची पावसाळ्याआधी. फुरसं आणि विंचू दगडांखाली असतात आणि कोलीला दगड उलथायची हौस असते. विंचूदंशावर जगभर वाचला गेलेला अभ्यास डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच महाडमध्ये राहून केला. इथला लाल विंचू किती जहाल आहे, याचा तोच दाखला.

एक औषध नावानिशी लक्षात ठेवा: आयव्हरमेक्टिन. जंत, खरूज, गोचीड यांसाठी ते गुराढोरांना सर्रास टोचतात आणि उरलेलं कुत्र्यालाही दिलं जातं. पण कोली कुळातल्या कुत्र्यांत एमडीआर१ नावाच्या जनुकात दोष असू शकतो. मेंदूचं रक्षण करणारी गाळणी त्यांच्यात काम करत नाही, औषध थेट मेंदूत पोचतं आणि कुत्रा लटपटतो, बेशुद्ध होतो, मरतोही. लांब केसांच्या कोलीत, म्हणजे आपण ‘लॅसी’ म्हणतो त्या जातीत, हा दोष दहांतल्या सातांत आढळतो. बॉर्डर कोलीत तो कमी आहे, जर्मन शेफर्डमध्येही काहींत असतो. अमेरिकेत कॅट्रिना मिली यांच्या गटानं २००१ मध्ये हे शोधलं. डॉक्टरांना कुत्र्याची जात आधी सांगा, गुरांचं इंजेक्शन कुत्र्याला टोचू देऊ नका.

बिबट्या आणि पूर या दोन गोष्टी शहरातून आलेल्यांना ठाऊक नसतात. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या शेतशिवारात बिबट्याचा आहार तपासला, तेव्हा वजनाच्या हिशेबानं त्यातला सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. पोलादपूरच्या डोंगराकडेला रात्री अंगणात बांधलेला कोली म्हणजे बिबट्याला दिलेलं ताट. धनगराचा राखण्या अंगापिंडानं दणकट असतो आणि मोकळा असतो. कोलीला हे युद्ध ठाऊक नाही. रात्री तो घरात. आणि सावित्री-गांधारीच्या काठाला २००५ आणि २०२१ चे पूर आठवणाऱ्या प्रत्येकाला हेही माहीत आहे, की जुलै-ऑगस्टमध्ये साखळीनं बांधून ठेवलेलं जनावर बुडतं. पावसाळ्यात घर बंद करून जाताना कुत्रा बांधून मागे ठेवायचा नाही.

जर्मन शेफर्डबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे तोच जास्त दिसतो. जुनी माणसं त्याला अजून अल्सेशियन म्हणतात. माक्स फॉन श्टेफानित्स या घोडदळातल्या अधिकाऱ्यानं १८९९ मध्ये हा मूळचा मेंढ्या वळणारा कुत्रा जात म्हणून उभा केला, आणि मेंढ्या कमी होत गेल्यावर त्याला पोलिसांत आणि लष्करात काम शोधून दिलं. कोलीपेक्षा तो घराशी सहज जुळतो, पण काम त्यालाही हवंच.

पिल्लू विकत घेणार असाल तर विकणाऱ्याकडे राज्य पशुकल्याण मंडळाची नोंदणी आहे का, ते विचारा. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ती लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आई दाखवा म्हणा. आई न दाखवणाऱ्याकडून घेऊ नका.

घरात रोज दोन-तीन तास देणारं माणूस असेल, कोंबड्या-शेळ्या असतील किंवा शिकवायची खरी हौस असेल, तर बॉर्डर कोलीसारखा सोबती मिळणार नाही. घर शनिवार-रविवारपुरतं उघडणार असेल आणि बाकीचे पाच दिवस राखणदाराच्या भरवशावर साखळी असणार असेल, तर तो आणू नका, कुठल्याच जातीचा आणू नका. आणि घर कायमचं आहे, राखण हवी आहे, पण वेळ बेताचा आहे, अशांनी धनगरवाड्यावर किंवा गावातच एखादं आठ-दहा आठवड्यांचं पिल्लू मागावं, रेबीजची लस टोचावी आणि आपल्या गुरांच्या, कोंबड्यांच्या पायांत वाढू द्यावं. इथली हवा आणि इथली रात्र त्याच्या रक्तात आहे.